तांड्यावरचं इमान

भाद्रपदात पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली की आमच्याकडच्या कपाशीला एक वास सुटतो. ओल्या काळ्या मातीचा, उन्हात तापलेल्या पानांचा आणि काल पिवळी असून आज गुलाबी होऊन गळालेल्या फुलांचा मिळून झालेला. तो नाकात शिरला की मी वीस वर्षांची होते. परवा तसंच झालं. भाच्याने फवारणीसाठी ड्रोन मागवला होता, तो बघायला मी त्याच्या शेतात गेले. ते यंत्र जमिनीवरून उठलं, भुणभुणत कपाशीवर गेलं आणि माझे पाय आपोआप धुऱ्यावरून, रानाच्या बांधावरून, पुढे निघाले. भाचा म्हणाला, "आत्या, भेऊन राहिल्या का?" मी म्हटलं, "भेत न्हाई रे, पळून राहिले." त्याला काही उलगडलं नाही. मला माळावर पोचायचं होतं, विमान टेकायच्या आत.

तेव्हा आमचा हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात मोडायचा. कळमनुरीपासून आत, कयाधूच्या अलीकडे आमचं गाव. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. लोकांच्या अंगावर मांस दिसू लागलं होतं, आणि माणसं पुन्हा पुढच्या वर्षाबद्दल बोलू लागली होती. मी नुकतीच गावातल्याच शाळेवर बाई म्हणून लागले होते. बाबांना त्याचं इतकं कौतुक, की मी शाळेला निघाले म्हणजे ते काही ना काही निमित्त काढून वेशीपर्यंत सोबत यायचे. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात घाम गाळला, आणि उतारवयात माळाच्या खालच्या अंगाचा एक तुकडा त्यांच्या नावावर झाला. त्या साली त्यांनी त्यात कपाशी लावली. स्वतःच्या मालकीच्या रानातली ती त्यांची पहिली कपाशी. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली की ते थेट रानात जायचे आणि काहीही काम नसलं तरी ओळींमधून नुसते फिरायचे.

नेमकी त्या साली बोंडअळी पडली. पहिल्यांदा बाबांनी एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा आत ती हिरवी अळी आळसावून पडली होती. पाठीवरच्या पंपाने किती आणि कुठवर मारणार? एका रानात मारलं की अळी दुसऱ्या रानात. मग पोळा होऊन गेल्यावर बातमी आली, की यंदा आपल्या भागात सरकारकडून विमानाने औषध मारणार.

विमान! गावातल्या बहुतेकांनी विमान म्हणजे आभाळात सरकणारा चांदीचा ठिपका एवढंच पाहिलेलं. ते खाली येऊन आपल्या माळावर बसणार, हे कुणाच्या डोक्यात मावेना. काळ्या रानात चाकं रुतली असती, म्हणून मुरमाड माळच निवडला होता. गाव लोटलं दगड वेचायला. मीही शाळेची मुलं घेऊन गेले. खड्डे बुजवले, बाभळी तोडल्या, चुन्याच्या फक्क्या ओढल्या, एका उंच वाशावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बांधली. ती पिशवी सारखी पूर्वेकडे शेपूट करून फुगलेली असायची, कारण त्या दिवसांत वारा पश्चिमेचा. वारा कुठला आहे याला एवढं महत्त्व असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विमान उतरताना वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. म्हणजे आमचं विमान पूर्वेकडून येणार होतं. आणि माळाच्या पूर्वेच्या टोकाला, धावपट्टी सुरू व्हायच्या थोडं अलीकडे, तांडा होता.

पहिल्या दिवसाचं काय सांगू? मी फळ्यावर पाढे लिहीत होते. आधी शाळेचे पत्रे बारीक थरथरले. मग खिडकीतून एक घरघर आत आली, वाढत गेली, आणि खडू हातात तसाच ठेवून मी वर्गाच्या पुढे पळाले. मुलं माझ्या मागे, माझ्या पुढे, माझ्या पदराला धरून. पिवळ्या रंगाचं, एका पंख्याचं, टोळासारखं दिसणारं विमान ओढ्यापलीकडून आलं. इतकं खाली, की आत बसलेल्या माणसाचं डोकं दिसत होतं. ते तांड्याच्या छपरांना जवळजवळ घासून माळावर आलं, एकदा उसळलं, धुरळा उडाला, आणि त्या धुरळ्यातून ते शांतपणे चालत बाहेर आलं. गाव ओरडलं. मी ओरडले. बाबांनी डोक्यावरचा रुमाल काढून हवेत फिरवला. बाबांना असं काही करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग रोजचं सुरू झालं. दिवस उजाडला की विमान उठायचं, रानांवर कपाशीला लागून जायचं, मागे औषधाचा पांढरा पदर सोडायचं. टाकी रिकामी झाली की परत माळावर, पुन्हा औषध भरून वर. रानात दोन टोकांना निशाण धरून माणसं उभी असायची. त्यांच्याही अंगावर औषध पडायचं आणि ती हसत घरी यायची. तो उग्र वास केसांत बसायचा. त्या औषधाने माणसाला काय होतं, असं आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. त्या काळी विषाचा वास आम्हाला प्रगतीचा वास वाटत होता. पण आवाजाचं मात्र विचारलं गेलं, आणि ते विचारलं तांड्याने.

एकच आवाज, पण तो कुठे उभं राहून ऐकता यावर सगळं असतं. गावात तो सणासारखा वाटायचा. शाळेत पत्र्यांची थरथर म्हणून पोचायचा आणि मुलांना सुट्टी झाल्यासारखं व्हायचं. तांड्यावर तो घराच्या आत शिरायचा. दर फेरीला, छपरावरून, सकाळपासून ऊन तापेपर्यंत. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या लमाणांचा हा तांडा. आता सगळे शेतीत आणि मजुरीत स्थिरावलेले. तांड्याचे नायक, म्हणजे मुखिया, होते रामधन नाईक, पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे. शेवंता त्यांची धाकटी सून, माझ्याच वयाची. तिला आठव्या महिन्यातच मुलगी झाली होती. मूठभर लेकरू. कळमनुरीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, की हिला दोनच औषधं, आईचं दूध आणि झोप.

बिथरणाऱ्या शेळ्या आवरायला घरी थांबून तांड्यातली मुलं शाळेत येईनाशी झाली म्हणून मी एक दिवस तिकडे गेले तेव्हा शेवंता दारात बसली होती. ती ओढणीच्या आड लेकराला पाजत होती आणि तिचं सगळं लक्ष आभाळाकडे. मी जवळ बसले. विमान येणार हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. कान टवकारावेत तसे ते वर चढले. मग घरघर आली. भांडी वाजायला लागली, दोरीवरचे कपडे हलले, आणि डोक्यावरून ते गेलं तेव्हा माझ्या छातीतलं हाडसुद्धा वाजलं. लेकराने दोन्ही हात फेकले. तोंडातलं दूध सुटलं. ते रडलंही नाही, नुसतं निळसर होऊन थरथरत राहिलं. शेवंता किती वेळ त्याला छातीशी लावत होती, पण त्याने पुन्हा तोंड धरलं नाही.

"रोज असंच," शेवंता म्हणाली. "पोटात काही जाऊनच न्हाई राहिलं, बाई. सुकून चाललं."

त्याच विमानाकडे बघून मी सकाळी टाळ्या वाजवल्या होत्या. घरी आले तर बाबा आनंदात होते. औषध मारलेल्या ओळींतून मेलेल्या अळ्या वेचून त्यांनी फडक्यात बांधून आणल्या होत्या, मला दाखवायला. त्यांची कपाशी वाचत होती आणि शेवंताचं लेकरू सुकत होतं, आणि दोन्ही एकाच यंत्राने होत होतं. त्या संध्याकाळी मी भाकरी ताटात तशीच ठेवली. बाबांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते उठले आणि अळ्यांचं फडकं उचलून बाहेर टाकून आले.

दोन दिवसांनी तांड्याने पट्टी अडवली.

विमान पहिल्या फेरीला गेलेलं असताना रामधन नाईकांनी तांड्यातली सगळी गुरं माळावर सोडली आणि पट्टीच्या मधोमध बायका बसल्या. काचा लावलेल्या त्यांच्या लाल-पिवळ्या ओढण्या आणि फेटिया, म्हणजे घेरदार घागरे, मुरमाच्या माळावर अशा चमकत होत्या, की लांबून वाटावं जत्राच भरलीय. विमान आलं, खाली झेपावलं, गुरं दिसताच जोराने घोंगावत पुन्हा वर गेलं. त्या घोंगावण्याने गुरं बिथरली. गावातली माणसं काठ्या घेऊन धावली. ज्यांची रानं अजून फवारायची होती ते जास्त संतापलेले. विमान वर घिरट्या घालत होतं, आणि त्यात तेल किती उरलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. मी धावत होते. चप्पल कुठे सुटली कळलं नाही. माझ्या आयुष्यात मी इतक्या जोरात कधी पळाले नाही, आणि खरं सांगते, त्या भीतीतही पायांत एक विलक्षण जोर होता, आता काहीतरी घडणार याचा.

बाबा माझ्याआधी पोचले होते. काठ्या आणि बायका यांच्या मधे ते हात पसरून उभे होते. मी रामधन नाईकांपुढे गेले. म्हटलं, "नाईकबाबा, वरती बी माणूसच हाय. त्याला उतरू द्या. मी त्याला हाताला धरून शेवंताच्या दारी आणते. न्हाई आणलं तर मी सोता इथं तुमच्यासोबत बसते."

नाईकांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. त्यांनी जिभेने एक आवाज काढला, आणि बिथरलेली गुरं आश्चर्य वाटावं इतक्या शहाण्यासारखी बाजूला झाली. बायका उठल्या. विमान उतरलं.

विमानातला माणूस हैदराबादचा होता. अन्वर त्यांचं नाव. आम्ही सगळे कप्तानसाहेब म्हणायचो. उंच, सडसडीत, कानांवरचे केस पिकलेले. त्यांची हैदराबादी बोली आमच्या लोकांना परकी नव्हती. निजामाच्या अमलात वाढलेली आमची म्हातारी माणसं तशीच बोलायची. ते खाली उतरले. मला वाटलं आता हे चिडतील. त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, तो सगळा प्यायले आणि म्हणाले, "चलो, किधर चलना है."

शेवंताच्या दारात ते उकिडवे बसले. लेकराला त्यांनी हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मी सगळं सांगितलं. ऐकून ते जे म्हणाले ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं.

"बाई, इतने साल से उडा रहा हूँ. मेरा जहाज नीचे से कैसा सुनाई देता, मेरेको मालूमच नहीं."

खरंच की. तो आवाज घेऊन फिरणारा तो एकटाच माणूस असा, ज्याला तो खालून कधी ऐकताच येणार नव्हता. मग त्यांनी जमिनीवर काडीने रेघा ओढून दाखवलं. पट्टी आखूड आहे. म्हणून पट्टीच्या अगदी तोंडालाच टेकावं लागतं, आणि तसं टेकायचं तर लांबून, खालून, इंजिन चालू ठेवून विमान ओढत आणावं लागतं. तांड्यावर जो आवाज येतो तो त्या ओढण्याचा. दुसरी रीत आहे. उंचावरून यायचं, इंजिन अगदी मंद करायचं आणि घारीसारखं तरंगत उतरायचं. मग आवाज फार होणार नाही. त्यात त्यांना धोका होता, कारण मंद केलेलं इंजिन ऐन वेळी दगा देऊ शकतं. हे त्यांनी सांगितलं आणि लगेच उठले. म्हणाले, मी दोन्ही रीतींनी येऊन दाखवतो, तुम्ही इथे बसून ऐका आणि सांगा.

तो दिवस म्हणजे माझ्या आयुष्यातली एक परीक्षाच, आणि तिचे परीक्षक होतो आम्ही. काठ्या आणलेले लोकही काठ्या टाकून तांड्यावर येऊन बसले. मी शेवंताच्या घरात, लेकरू माझ्या मांडीवर. बाहेर नाईक. सगळा तांडा कान होऊन बसलेला.

आधी जुनी रीत. ती आम्हाला पाठच होती. घरघर, भांडी, हाडं, लेकराचे फेकलेले हात. बाहेर कुणीतरी शिवी हासडली.

मग नवी. आम्ही वाट बघत राहिलो. काहीच ऐकू येईना. बाहेर एक कोंबडी बोलली, ती ऐकू आली. वारा छपराच्या गवतातून गेला, तोही ऐकू आला. आता येईल, आता येईल असं वाटत असतानाच एकदम छपरावरून सावली गेली. तारेतून वारा घुसावा तशी एक शीळ, आणि पाठोपाठ मंद इंजिनाचे दोन फटाके. शेळ्या दावी तोडून पळाल्या. लेकरू पुन्हा दचकलं. शेवंता माझ्या दंडाला इतकं घट्ट धरून होती की नखं रुतली.

कप्तानसाहेब धापा टाकत आले. त्यांच्या चेहऱ्यावर निकाल ऐकायला आलेल्या मुलाचा भाव होता. त्यांची खात्रीच होती की आता सगळे खूश असतील. मी आवाज कमी होता म्हणून सांगितलं. पण बाहेरच्या बायका एकदम बोलू लागल्या आणि शेवंता, जी परक्या पुरुषापुढे तोंड उघडायची नाही, ती ओढणी पुढे ओढून स्पष्ट म्हणाली,

"हे तर आणिक वाईट. आधी येताना कळत तरी व्हतं."

ते बुचकळ्यात पडले. आवाज कमी केला तर त्रास कमी व्हायला हवा, हा त्यांचा हिशोब सरळ होता. माझाही तोच होता. पण शेवंता रोज त्या आवाजाखाली बसत होती. तिला जाच नुसत्या मोठेपणाचा नव्हता. कधी येईल, कुठून येईल, आपण लेकराला घट्ट धरायच्या आधी येईल की नंतर, हा तो जाच होता. पुढे आयुष्यात मी खूप आवाज सोसले, शेजारचा भोंगा, रस्त्यावरचे ट्रक, नातवंडांचा गोंधळ. दर वेळी मला तिचं म्हणणं पटत गेलं. ठाऊक असलेला मोठा आवाज माणूस झेलतो. न कळवता आलेला लहान आवाजसुद्धा काळजात घुसतो.

तेव्हा रामधन नाईक बोलले. त्यांचा आजा बैलांचा तांडा घेऊन मुलूखभर फिरला होता. ते म्हणाले, आमच्या म्होरक्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटा असायची. कोसभरावरून गावाला कळायचं की तांडा येऊन राहिला. लोक लेकरं आवरायचे, कुत्री बांधायचे. न वाजवता कुणाच्या गावात शिरलो तर लोक दरोडेखोर समजून धोंडे मारायचे. "तुमी बी आधी लांबून वाजवा," ते कप्तानसाहेबांना म्हणाले. "मग या हळूच."

कप्तानसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि मोठ्याने हसले. चिडलेल्या त्या दिवसातलं ते पहिलं हसू. मग त्यांनी पुन्हा काडी घेतली. आता रेघ वेगळी होती. पहिल्यांदा दूर कयाधूवर, उंच, एक फेरी. तिची घरघर तांड्यावर येईल ती लांबच्या गिरणीसारखी. ती बायकांना खूण. मग तिथूनच इंजिन मंद करून उंचावरून उतरायला लागायचं, पण तांड्यावरून सरळ न येता ओढ्याच्या बाजूने वळण घेऊन, अगदी शेवटी पट्टीच्या रेषेत यायचं.

तिसऱ्यांदा ते गेले. आम्ही बसलो. दूर नदीकडून एक गुणगुण आली. शेवंताने लेकराला उचललं, छातीशी लावलं, ओढणीने त्याचा कान झाकला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. गुणगुण थांबली. आम्हाला ठाऊक होतं आता ते येतंय. शीळ ऐकू आली, पण डोक्यावर नाही, ओढ्याकडे, बाभळींच्या पलीकडे. भांडी गप्प. लेकराच्या भुवया एकदा आक्रसल्या आणि ते चुरूचुरू पीत राहिलं.

मी आनंदाने बाहेर पळाले आणि दारापुढेच थबकले. विमान पट्टीच्या तोंडाला टेकलंच नव्हतं. उंचावरून आलेलं ते मधोमध टेकलं होतं आणि आता धावत सुटलं होतं, थेट पट्टीच्या शेवटाकडे, जिथे बाबांच्या रानाचा धुरा होता. धुऱ्यापलीकडे चर. विमानाची शेपटी एकीकडे फिरली, धुरळा उठला, आणि धुरळा बसला तेव्हा ते धुऱ्याला नाक लावून उभं होतं.

कप्तानसाहेब उतरले, धुऱ्यावरच बसले आणि म्हणाले की मघाशीही जेमतेम थांबलो, असं रोज जमायचं नाही. ही रीत हवी तर पट्टी लांब हवी. पुढे हा धुरा आहे, चर आहे, आणि उभी कपाशी आहे. ते कुणाची कपाशी असं विचारत नव्हते. पण सगळं गाव बाबांकडे बघत होतं.

मी बाबांकडे पाहू शकले नाही. जन्मभर वाट बघून मिळालेलं ते रान. ती पहिली कपाशी, आणि तीही अळीच्या तावडीतून नुकती सुटलेली. बाबा धुरा ओलांडून आत गेले. पहिल्या ओळीपाशी वाकले. पराटीला खाली मुळाशी धरलं. बोंडांनी लगडलेलं झाड, ते मुळासकट उपटून त्यांनी धुऱ्यावर आडवं ठेवलं. मग दुसरं. मग मागे वळून म्हणाले,

"बघत काहून उभे राहिले? कुदळी आणा की."

तांडा धावला. आधी तांडाच. सकाळी पट्टी अडवणारे हात दुपारी पट्टी लांबवत होते. पुरुषांनी धुरा फोडला, बायकांनी पाट्या डोक्यावर घेऊन मुरूम आणून चर भरला. मग गावही लाजून उतरलं, काठ्या आणलेले सगळ्यात जोरात खणत होते. बायकांनी लमाणी गाणी म्हटली. शब्द मला कळत नव्हते, पण पाटी उचलायचा आणि टाकायचा ताल त्यात होता आणि माझे हात त्या तालावर चालत होते. माझे तळहात फुटले. बाबा उपटलेली झाडं एकेक करून बाजूला रचत होते, जणू ती अजून वाढणार आहेत. रामधन नाईक त्यांच्या शेजारी गेले आणि दोघे म्हातारे एका ओळीला लागले. दिवस मावळायच्या आत पट्टी त्या रानात शिरली होती.

रात्री बाबांच्या पायांना तेल लावताना मी विचारलं, "वाईट वाटलं का?" त्यांनी थोडा विचार केला. "वाटलं की," ते म्हणाले. "पण लोकायनं माझ्याकडं बघितलं. मला कुणी सांगितलं न्हाई. माझं रान हाय म्हणून माझ्याकडं बघितलं." आणि कूस बदलून झोपले. माझ्या लक्षात आलं, की ज्याच्याकडे काही नसतं त्याच्याकडे मागायला कुणी येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा गाव बाबांकडे काही मागायला आलं होतं आणि ते देऊन बसले होते.

पुढचे दिवस कसे गेले म्हणता! सकाळी नदीवर लांब गुणगुण झाली की तांड्यात एक बाई दुसरीला ओरडून सांगायची, दुसरी तिसरीला. शेळ्या आत घेतल्या जायच्या. कुणी चुलीवरून तवा उतरवायचं. आणि मग ते ओढ्याच्या बाजूने, पंख वाकडे करून, पिवळं, तिरपं, शीळ घालत यायचं. शाळेत आता पत्रे थरथरत नसत. तांड्यातली मुलं शाळेत परत आली आणि विमान कुठल्या वळणाने येतं हे गावातल्या मुलांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगू लागली. फेऱ्या तेवढ्याच होत्या. विमान तेच होतं. फारसा मुका झाला होता असंही नाही तो आवाज. पण लोक विमानाला 'आपलं इमान' म्हणू लागले होते. आपलं म्हटलं की अर्धा आवाज तिथेच कमी होतो.

मी रोज संध्याकाळी शेवंताकडे जायचे. लेकराच्या मांड्यांना आधी एक वळी पडली, मग दुसरी. मनगटावर दोरा बांधल्यासारखी खाच आली. एक दिवस ते माझ्याकडे बघून हसलं, किंवा तसं मला वाटलं. शेवंता म्हणाली ते पोटातल्या वाऱ्याने हसतं, पण तिलाही ते खरं वाटत नव्हतं.

दसरा जवळ आला. रानं फवारून संपत आली होती. कप्तानसाहेबांनी सांगितलं की उद्याची एक फेरी, मग मी दुसऱ्या मुलखात. शेवटच्या दिवशी सगळं गाव माळावर जमलं. कुणी नारळ आणला, कुणी भुईमुगाच्या शेंगा. कप्तानसाहेब फेरी आटोपून आले, उतरले आणि लोकांच्या गराड्यात उभे राहिले. बाबांनी त्यांना हार घातला. नाईकांनी आपल्या आजाच्या गोष्टी सुरू केल्या होत्या आणि त्या संपायचं चिन्ह नव्हतं.

तेवढ्यात तांड्याकडून शेवंता येताना दिसली. लेकरू खांद्यावर, ओढणी वाऱ्यावर, आणि चालणं घाईचं. ती गर्दीच्या कडेला मला शोधत आली. तिचा चेहरा कावराबावरा झाला होता.

"बाई," ती म्हणाली, "आज इमान आलं न्हाई. नदीवर वाजलं, मी पोरीला छातीशी धरून बसले, वाट बघू बघू डोळा लागला. पोरगी बी झोपली. काही झालं तर न्हाई ना कप्तानसाहेबाला?"

मी तिला दंडाला धरलं आणि गर्दी बाजूला सारत पुढे नेलं. समोर ते पिवळं विमान उभं होतं, इंजिन अजून गरम, आणि त्याच्या पंखाला टेकून, गळ्यात झेंडूचा हार घालून कप्तानसाहेब शेंगा खात होते. शेवंता जागीच थांबली. मी त्यांना सांगितलं की ही काय विचारायला आलीय. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते झोपलेल्या लेकराकडे बघत राहिले, आणि मग ते जागं होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बहन, मैं कबका उतर गया."